एका खुर्चीवरची दोन नावं

अन्याय झाला तो रेवतीवर. गेल्या वर्षी, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, हैदराबादच्या कोठी भागातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला मायक्रोस्कोपसमोरून उठवलं. पुढ्यातल्या काचपट्टीवर कुणाचं तरी रक्त होतं आणि ते अर्धं बघून झालं होतं. एवढी संपवते, ती म्हणाली. नका संपवू, मालक म्हणाले.

वहिनी, पत्रक असंच सुरू करायचं असतं. कुणावर, कधी, कुठे, सगळं पहिल्या चार ओळींत. तू पोळ्या लाटायचीस आणि मी ओट्याला टेकून तुला हे शिकवायचे, तू मागितलेलं नसताना. "आणि कुणी केला, ते?" तू विचारायचीस. तेही पहिल्या चार ओळींतच आलं पाहिजे, असं मी ठासून सांगायचे.

वर मी ते लिहिलेलं नाही. उठवायला मालक आले, हे खरं. पण त्यांच्या हातात जो कागद होता, तो माझा होता.

काल तुझा तेरावा झाला. घरभर माणसं होती आणि जो तो म्हणत होता, किती सोशिक होती. मी दोनदा उठून गॅलरीत गेले. सोशिक कसली? तू हट्टी होतीस. लग्न होऊन पुण्याहून काचीगुड्याला आलीस तेव्हा मी तुला अहो-जाहो करायचे. पहिल्याच आठवड्यात, मला तुम्ही म्हणालीस तर जेवायला वाढणार नाही, असं सांगून तू ते बंद पाडलंस. आमच्या 'हौ'ला आणि 'नक्को'ला हसलीस आणि तीन वर्षांत तुझ्या आईशी फोनवर 'नक्को' म्हणायला लागलीस. सोशिक म्हटलं की ज्यांनी सोसायला लावलं त्यांना घरी जाऊन नीट झोप लागते. मला त्यांना ती झोप द्यायची नाही. त्यांत मीही आले.

सई झाली आणि तू मोठ्या हॉस्पिटलमधली नोकरी सोडलीस. तीन वर्षांनी ती नर्सरीत गेली तेव्हा तू काम शोधायला लागलीस. मागणं साधं होतं. नऊ ते एक, चार तास, मायक्रोस्कोप, आणि दीड वाजता शाळेच्या गेटवर. आबिड्सपासून नामपल्लीपर्यंत जेवढ्या लॅब होत्या तेवढ्या तू पालथ्या घातल्यास आणि सगळीकडून एकच उत्तर घेऊन आलीस: पूर्ण वेळ या, नाहीतर मुलगी मोठी झाल्यावर या. नातेवाइकांकडे सल्ले मुबलक होते. शिकवण्या घे. कुर्ते विक. मसाले कर, तुझ्या हाताला चव आहे. आई म्हणाली, टाइमपासला काहीतरी बघ. त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "आई, टाइम माझ्याकडे नाहीच. कामच पाहिजे."

मग कोठीतली ती लॅब. तू मुलाखतीला गेलीस त्याच दिवशी, त्याच बाकावर तिथेच काम करणारी सुजाता राजीनामा घेऊन बसली होती. तिचा मुलगा दोन वर्षांचा, नवरा सिटी बसचा ड्रायव्हर, पहाटेची ड्यूटी करून बारा वाजता घरी येणारा. तिला सकाळ जमत नव्हती, तुला दुपार जमत नव्हती. लॅबचे इन्चार्ज रहीमसाहेब दोघींकडे बघून वैतागले. एक जातूं बोलरी, एक आधाच आतूं बोलरी, ते म्हणाले; अरे दोनों मिलके एक हो जाओ ना, मेरेकू तो काम होना. त्यांनी ते चिडून म्हटलं होतं. तुम्ही दोघींनी ते मनावर घेतलं.

अशी तुमची खुर्ची सुरू झाली. नऊ ते एक तू, एक ते पाच ती. हजेरीच्या रजिस्टरमध्ये मात्र एकच नाव, सुजाताचं. तिथे एका ओळीत दोन नावांना जागा नाही, असं रहीमसाहेब म्हणाले, आणि मालक काही कोठीत फिरकत नाहीत. पगार तिच्या नावावर यायचा, ती अर्धा तुला पाठवायची, आणि तुमच्यात त्यावरून कधी शब्द झाला नाही. दोन वर्षं तू त्या लॅबमध्ये होतीस आणि कुठल्याही कागदावर नव्हतीस.

त्या दोन वर्षांतली तू मला आठवतेस ती जांभळ्या नखांची. पेशी दिसाव्यात म्हणून काचपट्टीवर ओततात तो रंग तुझ्या नखांत मुरायचा आणि कुठल्याच साबणाला दाद द्यायचा नाही. सई स्केचपेनने आपली नखं तशीच रंगवायची. जिना चढताना तू गुणगुणायचीस. दादा म्हणायचा, हिला पगारवाढ मिळाली वाटतं.

आणि ते डब्याचं झाकण. ज्या पट्टीबद्दल खात्री नसेल ती तू लॅबमध्येच असलेल्या सुजाताच्या जुन्या डब्याच्या झाकणात ठेवून यायचीस. चार तास रक्त बघून थकलेले डोळे काय सोडून देतील सांगता येत नाही. एक वाजता ताजे डोळे येतात, ते बघतील. ती पाचला निघताना तिच्या शंकेच्या पट्ट्या त्याच झाकणात तुझ्यासाठी ठेवायची. एकदा तापाने फणफणलेल्या एका गरोदर बाईचं रक्त तुला खटकलं, पण सापडेना. झाकणात ठेवलंस. सुजाताला त्यात मलेरिया सापडला. दोन दिवसांनी बाईचा नवरा उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि विचारू लागला, कौनसी मॅडम देखे? रहीमसाहेब म्हणाले, "दोनों देखे, इसलिए दिखा." ते वाक्य तू घरी येऊन तीनदा सांगितलंस. चौथ्यांदा सईला.

दर महिन्याला नवा रंग तयार व्हायचा. पेशंटच्या रक्तावर वापरण्याआधी तो चांगल्या रक्तावर आजमावून बघायचा, म्हणून एक वाजता, खुर्ची बदलताना, तुम्ही एकमेकींचं बोट टोचायचात. या महिन्यात तुझं, पुढच्या महिन्यात तिचं. पट्टी बघून सल्लाही मिळायचा. सुजाताने अंबाडी खा म्हटलंय, पेशी फिक्या दिसतात, असं तू एकदा जाहीर केलंस आणि सगळ्या घराने आठवडाभर अंबाडी खाल्ली. दादाने तर आठवडाभर तोंड वाकडं केलं होतं. मला तेव्हा तो सगळा पोरखेळ वाटायचा.

आपलं भांडण अर्धं राहिलंय, वहिनी. मी म्हणायचे, अर्धवेळ हा सापळा आहे. बायकांनी अर्धं मागायचं, मालकांनी अर्ध्याचंही अर्धं द्यायचं, आणि बाप नामानिराळे. प्रत्येक कामाच्या जागी पाळणाघर मागायचं, पूर्ण काम, पूर्ण हक्क. तू भाजी निवडत ऐकून घ्यायचीस. मग म्हणालीस:

"तुला सगळ्या बायकांना दिवसभर कामाला लावायचंय. मला दीड वाजता गेटवर उभं राहायचंय. पाळणाघर नाही म्हणून नाही. मला आवडतं म्हणून."

"म्हणजे अर्धी नोकरी."

"अर्ध्या दिवसाची. नोकरी पूर्णच आहे. ये एकदा, बघ मायक्रोस्कोपमधून. अर्धं दिसतं का ते सांग."

मी आले नाही. माझ्याकडे वेळ नव्हता. लहान मुलं असलेल्या आयांच्या वेळेबद्दल पत्रकं वाटत मी तेव्हा कोठीच्या बसस्टॉपवर उभी असायचे, तुझ्या लॅबपासून पाच मिनिटांवर. आणि आता लिहायचंच आहे तर हेही लिहिते: त्या दोन वर्षांत सईच्या शाळेच्या गेटवर मी एकदाही उभी राहिले नाही. दादा एकदाही नाही. आईचे गुडघे दुखायचे, दादाच्या मीटिंगा असायच्या, माझा लढा असायचा. दीड वाजता मोकळी असायचीस ती फक्त तू, हे आम्ही कधी ठरवलं? कधीच ठरवलं नाही. म्हणून ते मोडताही आलं नाही.

ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मनातून मी तुझ्या बाजूला आले होते, पण ते तुझ्या तोंडावर कबूल करण्यापेक्षा छापून मोकळं होणं मला सोपं गेलं. 'कोठीतल्या एका लॅबमध्ये दोन आया एक नोकरी वाटून घेतात. जमतं. मग तुमच्याकडे का नाही?' आबिड्सच्या प्रेसमध्ये छापलं, मराठी, हिंदी आणि तेलुगूत. नावं घातली नाहीत, लॅबचंही नाही. मला वाटलं, झाली खबरदारी. आम्हा पत्रकवाल्यांची हीच खोड. नाव गाळलं की माणूस झाकला गेला असं वाटतं, आणि मग मजकूर जिवंत व्हावा म्हणून उरलेलं सगळं घालतो. मी जांभळी नखं घातली. डब्याचं झाकण घातलं. एकीचा नवरा बस चालवतो, हे घातलं. ती लॅब एकदा पाहिलेल्या कुणालाही तेवढं पुरे होतं. शनिवारी मी तो कागद बसस्टॉपवर वाटला. कुणीतरी लॅबमधल्या पेशंटच्या बाकावर तो ठेवून गेलं.

आणि तुला विचारलं नव्हतं. एका घरात राहून, एका ताटलीत पोहे खाऊन, तुला विचारलं नव्हतं.

सोमवारी मालक आले. सुजातालाही बोलावून घेतलं. एका जागेवर दोन बायका ही फसवणूक आहे, ते म्हणाले. एकीने थांबा, आठ तास, दुसरीने आत्ताच जा, कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. हे मला सुजाताने पुढे सांगितलं. म्हणाली, रेवतीने विचारसुद्धा केला नाही. हिचा नवरा बाराला घरी येतो, ही थांबेल, एवढंच म्हणाली आणि पर्स उचलली. सुजाताने मुलासाठी वरंगळहून आईला बोलावून घेतलं. तू नेहमीसारखी दीड वाजता गेटवर होतीस. सईला काही कळलं नाही.

मला चार वाजता कळलं. मी चपला न काढता स्वयंपाकघरात आले. तुझं पीठ मळून झालेलं होतं. मी विचारलं, त्यांना कसं कळलं? तू वर न बघता म्हणालीस, "कागद मिळाला त्यांना. सगळ्यांना मिळावा म्हणूनच वाटलास ना."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या वेळी मला एक शब्द बोलायचा होता. त्याऐवजी मी म्हणाले, आपण लढू, मी त्या मालकावर दुसरं पत्रक काढते.

"नक्को," तू म्हणालीस. आमच्यासारखं. त्यावर मी एरवी हसले असते.

तो एक शब्द मी तुला पुढेही म्हणाले नाही. आधी वाटलं, राग निवळू दे. मग वाटलं, आता कशाला उकरायचं. मग तू हॉस्पिटलमध्ये होतीस, आणि तिथे माफी मागणं म्हणजे तू जाणार हे कबूल करणं वाटलं.

मधले महिने मी लिहिणार नाही म्हणत होते, पण लिहिते, कारण तुझ्यासारख्या हजारजणी आत्ता तिथेच आहेत. तुला घरून करायचं काम मिळालं. तिकडे अमेरिकेतल्या पेशंटांच्या आजारांना विम्याच्या बिलासाठी ठरलेले नंबर द्यायचे. जाहिरातीत लिहिलं होतं, वेळ तुमच्या सोयीची. निघाली ती त्यांच्या सोयीची, कुठलीही. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला तो उठलाच नाही. लॅबला जायचीस तेव्हा चार तास बाहेर असायचीस आणि उरलेला दिवस पूर्ण आमची असायचीस. आता दिवसभर घरात होतीस आणि सई तुझ्या कोपराला धरून उभी असायची. पाच मिनिटं, पिल्लू. पाचच मिनिटं. नखं पांढरी झाली. कामावरून जिना चढत येणं उरलं नाही, त्यामुळे गुणगुणणंही गेलं. "आधी रक्त बघायचे," तू एकदा म्हणालीस, "आता रक्ताचा नंबर टाकते."

तू दमायला लागलीस, आम्ही म्हटलं काम फार आहे. हातावर निळे डाग दिसले, तू म्हणालीस टेबल लागलं. आणि जूनपासून संक्रांतीपर्यंत कुणी तुझं बोट टोचलं नाही.

संक्रांतीनंतर ताप आला आणि उतरेना. दादाने तुझं रक्त तपासायला दिलं ते त्याच लॅबमध्ये, कारण आपल्या घराला दुसरी लॅब माहीतच नव्हती. पट्टीवर तुझं नाव होतं आणि खुर्चीवर सुजाता होती. तिने फोन मला केला, तुला नाही. तुटक तुटक हिंदीत बोलत होती. पहिल्या नजरेतच दिसलं होतं तिला, लपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरीही तिने ती पट्टी डब्याच्या झाकणात ठेवली. एक वाजेपर्यंत थांबली. "लगा, रेवती आके देखेगी," ती म्हणाली, "देखके बोलेगी, नहीं, वो नहीं है."

वहिनी, रक्ताचा कॅन्सर होता. पाच आठवडे मिळाले. मी मोठ्या डॉक्टरांना अडवून विचारलं, महिन्याआड कुणी हिचं रक्त बघत राहिलं असतं तर? ते भले गृहस्थ. म्हणाले, हा आजार झपाट्याने वाढतो, थोडं आधी कळलं असतं तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई. 'सांगता येत नाही' हे वाक्य मी आयुष्यात छापलेलं नाही. आज छापते. मला सांगता येत नाही. त्या मालकाने तुला मारलं असं मला लिहिता येत नाही, मी मारलं असंही नाही, आणि नाही मारलं असंही नाही. एवढंच येतं: एक वाजताची जी वेळ होती, जेव्हा एक बाई दुसरीचं बोट हातात घेऊन तिचं रक्त बघायची, ती आम्ही मोडली. मालकाने फसवणूक म्हणून. मी बातमी म्हणून.

दादाचं सांगते. तू गेल्यावर चौथ्या दिवशी त्याने ऑफिसला मेल लिहिली. मुलगी लहान आहे, एक वाजेपर्यंतच येऊ शकेन. त्याच संध्याकाळी उत्तर आलं. तुमच्या दुःखात सहभागी आहोत, हवे तितके महिने तसं करा. वहिनी, त्याच संध्याकाळी. तू या शहरात लॅबमागून लॅब फिरलीस आणि जे तुला मिळालं नाही, ते त्याला एका मेलवर मिळालं. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी अर्जाला काय जोडावं लागतं ते आता मला समजलं: बायकोच्या मृत्यूचा दाखला. आणि ते इतकं सोपं होतं तर दादा, तू तीन वर्षांपूर्वी का विचारलं नाहीस? हे मी त्याला काल सगळ्यांदेखत विचारलं. तो रडला. मला त्याची दया आली आणि तरी प्रश्न मागे घेतला नाही. तुला आवडलं नसतं. किंवा आवडलं असतं. सांगता येत नाही.

गेटवर आता एक दिवस तो असतो, एक दिवस मी. परवा सई बाहेर आली, माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "आत्या, तुझी नखं पांढरीच आहेत." मी म्हटलं, हो. मग ती पुढे चालायला लागली.

काल माणसं गेल्यावर आई तुझं कपाट आवरायला बसली. साड्यांच्या घडीत माझं पत्रक सापडलं. चार घड्या घातलेलं, मऊ पडलेलं, म्हणजे बऱ्याचदा उघडलेलं. 'दोन आया' हे शब्द तू पेनाने खोडले होतेस आणि वर लिहिलं होतंस: रेवती, सुजाता. बाकी एकही ओळ खोडलेली नव्हती.

मी रात्रंदिवस तुझा राग शोधत होते आणि तू मजकूर दुरुस्त करून ठेवला होतास. तुला लपायचं नव्हतं. तू चोरी करत नव्हतीस. मी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, लिही, पण नावानं लिही, आणि आधी सुजाताला विचार. मग आपण तिघी ते पत्रक घेऊन स्वतःच्या पायांनी मालकांकडे गेलो असतो. ते कदाचित नाहीच म्हणाले असते. पण तुला कुणी अर्ध्या पट्टीवरून उठवलं नसतं.

तो शब्द आता लिहिते. चुकले, वहिनी. मला माफ कर. आणि थांब जरा, आता मला यांच्याशी बोलायचंय.

तुम्ही, जे इथपर्यंत वाचत आलात. हळहळू नका. तुमच्या ऑफिसात, दुकानात, शाळेत, दवाखान्यात एक हजेरीचं रजिस्टर आहे, नाहीतर कॉम्प्युटरवर त्याच्यासारखा एक तक्ता. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर त्यावर तुमचा अधिकार चालतो. नसेल चालत, तर ज्याचा चालतो त्याच्या टेबलापाशी तुम्ही उद्या जाऊन उभे राहू शकता. बाप असाल तर आधी तुम्ही उभे राहा, बायको जिवंत असताना. अर्धा दिवस पूर्ण काम करू शकणारी दोन माणसं तुमच्या आसपास आत्ता आहेत. एक राजीनामा लिहितेय, दुसरी घरी बसून तुमच्या जाहिरातीतलं 'पूर्ण वेळ' वाचतेय.

उद्या सकाळी ते रजिस्टर उघडा. त्या दोघींना आधी विचारा. मग एका ओळीत दोघींची नावं लिहा.